चौदा घरांचा पत्ता

सान एलाडियो
२ ऑक्टोबर

प्रिय मनाय तिवा,

आधी बस. लहान बहिणीचं ऐक, उभ्याने वाचू नकोस.

बसलीस? मग ऐक. वादळ येऊन गेलं की तांदळाच्या पिशव्या आणि सार्डिनचे डबे घेऊन निघणारी आमच्या कार्यालयाची गाडी तू दरवर्षी बघतेस, आणि दरवर्षी मला ऐकवतेस की छप्परच उडालं, आता डबा उघडायला बसायचं कुठे. या वर्षी सगळं उलटं होणार आहे! एवढ्या एवढ्या जोराचं वादळ आपल्या किनाऱ्याकडे निघालंय असं हवामान खात्याने तीन दिवस आधी सांगितलं, की त्याच दिवशी यादीतल्या प्रत्येक घराच्या हातात रोख पैसे. वादळाच्या आधी, मनाय! कशावर खर्च करायचे ते ज्याचं त्याने ठरवायचं. दोर घ्या, खिळे घ्या, तांदूळ घ्या, म्हातारी माणसं हलवायला गाडी करा.

प्रयोगासाठी एकच वाडी निवडायची होती. मी आपल्या बिनुरानचं नाव घातलं, आणि ते मंजूर झालं! किनाऱ्यावरची चौदाच्या चौदा घरं यादीत आहेत. मी दोन दिवस नुसती तरंगते आहे.

पण एक मेख आहे. आमच्या मोराल्डे सरांचा या योजनेवर काडीचा विश्वास नाही. भर बैठकीत म्हणाले, "गरिबाला वादळाआधी पैसे दिले तर ते कोंबड्यांच्या झुंजीत जातील." मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "सर, माझी वाडी तशी नाही." म्हणून तर त्यांनी बिनुरान मंजूर केलं. वादळ गेल्यावर आमचा तपासनीस रुस्टिको नकाशाचं यंत्र घेऊन घरोघर येईल. पैशांचा वेळेत उपयोग झाला असं दिसलं तर योजना सगळ्या किनाऱ्याला लागू होईल. नाही दिसलं तर इथेच मेली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा सार्डिनचे डबे.

आणि ताताय. या वेळी तरी वडिलांना घराबाहेर काढ, मनाय. मागच्या वेळी सगळं वादळ त्यांनी नारळाच्या झाडाला मिठी मारून काढलं.

मोबाइलचा टॉवर पडून वर्ष होत आलं, म्हणून हे मनोय उल्पिंगच्या होडीतून पाठवते. उत्तर त्याच्याच हाती दे.

तुझी आनंदाने वेडी झालेली,
एडलिन


बिनुरान
६ ऑक्टोबर

नेने,

बसून वाचलं नाही. डुकरांना घालता घालता वाचलं आणि बादली सांडली. नुकसान तुझ्या नावावर.

रोझरी संपल्यावर तुझं पत्र चॅपेलमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. लोला इस्का उठली. तुला माहीत आहे, ती उठली की पाद्रीसुद्धा बसतो. म्हणाली, "म्हणजे आधी पैसे येणार आणि मग वादळ?" मी म्हटलं, हो लोला. "मग आपण पैसे घेतलेच नाहीत तर?" मी म्हटलं, तरी वादळ येणारच. "ते तुला कोणी सांगितलं? आजवर कोणी परत करून बघितलेत?" आता याच्यावर काय बोलायचं ते तू तुझ्या मोराल्डे सरांना विचारून कळव. निम्मी वाडी तिच्या बाजूला गेली. कालपर्यंत वादळ फुकट यायचं तेव्हा कोणाची तक्रार नव्हती!

तियो मेल्चोरला मात्र पटलंय. इतकं पटलंय की त्याने कोंबडा बघूनही ठेवलाय. लाल, पायात काळी नखं, पलीकडच्या वाडीतला. म्हणे, वादळात हा छपरावर बसला तर छप्पर उडणार नाही. मी सांगितलं, तू कोंबडा आणलास तर त्याचं कालवण मी करीन आणि एडलिनच्या सरांना डब्यात भरून पाठवीन. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. वाडीत शांतता आहे.

आणि ताताय. नेने, तू तिकडे बसून "घराबाहेर काढ" असं लिहितेस. ये आणि काढ. मी तुझं वाक्य वाचून दाखवलं, तर जाळं विणता विणता म्हणाले, "मागच्या वेळी मी घर सोडलं नव्हतं. घराने मला सोडलं." आणि पुन्हा जाळं. पण याचं मूळ त्याच्या कितीतरी आधीच्या मोठ्या वादळात आहे; तू तेव्हा दोन वर्षांची होतीस, तुला आठवणार नाही. त्या वादळात आपण सगळे वर पळालो होतो, तातायही. परत आलो तेव्हा किनाऱ्यावर एक खांबसुद्धा नव्हता. आपला उंबरा नेमका कुठे होता तेच त्यांना सापडेना. वाळूत इकडून तिकडे फिरत राहिले, आई हाका मारत होती तरी. तेव्हापासून ते घर सोडत नाहीत. हट्ट आहे खरा, पण नुसता हट्ट नाही.

तरी मी खूश आहे, हे लिहायचं राहिलं. खूप खूश आहे. लहानपणापासून आपण वादळाच्या मागून धावतोय. एकदा तरी पुढे असू.

मनाय तिवा


सान एलाडियो
११ ऑक्टोबर

मनाय,

घाईत लिहिते. लोला इस्काला सांग, सर म्हणतात पैसे परत केले तर ते फक्त सरकारकडे जातील, वादळाला त्यातलं काही मिळत नाही!

तीन गोष्टी नीट समजावून सांग. खर्चाच्या पावत्या ठेवा, साध्या कागदावरच्या चालतील. मेल्चोरला आवर. आणि तिसरी: यंत्राने तुमच्या चौदा घरांच्या जागा नकाशावर टिपल्या आहेत. त्या जागा धोक्याच्या लाल रेषेच्या आत आहेत, म्हणूनच तुम्ही यादीत आहात. रुस्टिको त्याच जागांवर जाऊन बघणार.

तातायना कसंही कर, पण बाहेर काढ. पाया पडते.

एडलिन


बिनुरान
२२ ऑक्टोबर

नेने,

आले! सकाळी रेडिओवर सांगितलं आणि दुपारी तुमचा माणूस होडीने हजर, चॅपेलच्या पायरीवर बसून एकेकाचं नाव पुकारत. आकाश निळंशार आणि हातात वादळाचे पैसे! लोला इस्काने नोटा उन्हाकडे धरून बघितल्या, मग पोलक्यात ठेवल्या, मग आकाशाकडे बघून म्हणाली, "ये आता."

आम्ही सगळ्यांनी मिळून काहीतरी ठरवलंय. लिहायला वेळ नाही, उल्पिंग होडी ढकलतोय आणि वादळ जाईपर्यंत हीच शेवटची. शेजारचा नोरबिंग वरच्या वाडीत माणसं बोलवायला गेलाय. माझी दोन्ही डुकरं आज कापतोय.

तातायशी मी आता भांडत नाही. ते म्हणाले घर सोडणार नाही, मी म्हटलं ठीक आहे, नका सोडू. सगळ्यांसमोर शब्द दिलाय. तू काळजी करू नकोस.

तिवा


सान एलाडियो
२७ ऑक्टोबर

मनाय,

हे पत्र मी कोणाला लिहिते आहे ते मला माहीत नाही.

रुस्टिको आज परत आला. दरड कोसळून वाट बंद आहे, म्हणून तो समुद्राने गेला होता. लाटा इतक्या होत्या की होडी किनाऱ्याला लावता आली नाही. त्याने होडीतूनच यंत्र धरून चौदाही जागा बघितल्या. अहवालात एकच ओळ लिहिली आहे, "बिनुरान: चौदापैकी एकही घर उभे नाही. माणूस दिसला नाही." मी त्याला तीनदा विचारलं, एखादा खांब? एखादं छप्पर? तो म्हणाला, "नुसती वाळू आहे, एडलिन. विंचरल्यासारखी."

तू शब्द का दिलास? ते घर सोडणार नाहीत म्हणाले आणि तू म्हणालीस ठीक आहे! एवढं एकच मागितलं होतं तुझ्याकडे. आणि डुकरं कापत बसलात! समुद्र दारात आलाय आणि तुम्ही जेवणावळ घालताय?

नाही, हे खोड. मी रागावलेली नाही. मला काहीच कळत नाहीये. सकाळपासून मी चौदा नावं पुन्हा पुन्हा टाइप करते आहे. मोराल्डे सर एकदा दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता "मी म्हटलं होतं" म्हणणार. त्यांनी पाण्याचा ग्लास ठेवला आणि गेले.

बचावाची पहिली होडी उद्या निघते. हे पत्र त्यांच्याकडे देते आहे. मनाय, तू असलीस तर फक्त नाव लिहून पाठव. बाकी काही नको.

एडलिन


बिनुरान
२८ ऑक्टोबर

नेने, नेने, नेने,

तिवा. हे घे नाव. जिवंत आहे, आणि तुझं पत्र वाचून आधी पोट धरून हसले आणि मग रडले.

सगळे आहेत! चौदाही घरची सगळी माणसं आहेत, ताताय आहेत, लोला इस्का आहे आणि कुरकुरतेय. आणि घरंही आहेत! तुझ्या रुस्टिकोला सांग, वाळूत काय शोधत होतास, घरं डोंगरावर आहेत. आम्ही उचलून नेली.

आता सगळं पहिल्यापासून सांगते. पैसे आले त्या दुपारी सगळे चॅपेलसमोर भांडत होते. कोणी म्हणे दोर, कोणी म्हणे तांदूळ. ताताय जाळं घेऊन बसलेले. नोरबिंग वैतागून म्हणाला, "हा म्हातारा घर सोडत नाही आणि घर याला सोडतं. दोघांना एकदमच न्यावं झालं." सगळे हसले. आणि मग हसायचे थांबले. कारण नेता येत होतं ना! बांबूची घरं, झावळ्यांची छपरं. आजोबांच्या वेळी कोणी लग्न होऊन जागा बदलली की घर खांद्यावर उचलून न्यायचे, हे सगळ्यांनी ऐकलेलं. मग प्रत्येक वादळात हे का नाही केलं? तुला रीत माहीत आहे. एका घराला तीस खांदे लागतात. ते वरच्या वाडीतून येणार, त्यांचा दोराचा वाख काढायचा दिवस बुडणार. मजुरी कोणी घेत नाही, पण ज्याचं घर त्याने पोटभर जेवण घालायचं, डुक्कर आणि भात आणि माडी. आणि वादळाच्या तोंडावर आपल्यापैकी कोणाकडे तीस माणसांचं जेवण असतं? म्हणून पळायचो. या वेळी होतं!

दोन दिवसांत चौदा घरं, नेने! खांब उकरून काढायचे, घराच्या तळाखालून दोन लांब बांबू घालायचे, आडवे बांबू बांधायचे, आणि "हैय्या!" घर उठतं तेव्हा आतून करकरतं आणि मग अचानक चालायला लागतं. पोरं पुढे धावतायत, बायका मागून आरडाओरडा करतायत, लोला इस्का क्रूस घेऊन वाट दाखवतेय आणि चुकीची दाखवतेय. माझा घसा अजून बसलाय.

ताताय कुठे होते? घरात! "तू शब्द दिलायस, मी घर सोडणार नाही." मी म्हटलं, बरं, पण कोपऱ्यात बसू नका, घर कलंडेल, मधोमध बसा. तर जाळं मांडीवर घेऊन मधोमध बसले आणि खिडकीतून ओरडायला लागले, "डावीकडे खड्डा आहे रे गाढवांनो! मेल्चोर, तू नुसता हात लावतोयस, खांदा लाव!" तीस माणसं घामाने निथळतायत आणि वर हा म्हातारा मिरवणुकीतल्या संतासारखा! चढणीवर दोघं हसता हसता बसलेच, घर टेकवावं लागलं.

शाळेच्या मागे डोंगराच्या आडोशाला सगळी घरं खांबांशिवाय जमिनीवर बसवली आणि छपरांवरून दोर टाकून झाडांना बांधली. शाळेची भिंत सिमेंटची, माणसं तिथे. ताताय आपल्या घरात, शाळेच्या दारापासून सात पावलांवर. वारा सुटला तसे बाहेर आले. म्हणाले, "पोरं घाबरली असतील, बघून येतो." आणि रात्रभर तिथेच पोरांना गोष्टी सांगत बसले.

समुद्र नारळांपर्यंत आला होता. खाली असतो तर कोणीच उरलो नसतो, नेने. हे मी हसत लिहितेय, पण खाली गेले आणि ती वाळू बघितली तेव्हा मलाही आपला उंबरा सापडला नाही.

नुकसान एकच. मेल्चोरचं घर चढणीवर मधोमध फाटलं. त्याने कोंबड्याचं खुराडं आतच ठेवलं होतं, कोणाला न सांगता. हो, आणलाच शेवटी. आता निम्म्या घरात तो आणि निम्म्यात कोंबडा.

पावत्या सोबत आहेत. सगळ्या खऱ्या आहेत.

तुझी मनाय तिवा, पूर्ण शुद्धीत


सान एलाडियो
४ नोव्हेंबर

मनाय,

तुझं पत्र मी कार्यालयात मोठ्याने वाचलं. रुस्टिको रडला. आम्ही सगळ्यांनी भाताचे लाडू मागवून खाल्ले. त्या दिवसाबद्दल लिहायला लागले तर कागद संपेल.

पण आता दुसरंच वाढून ठेवलंय. मोराल्डे सरांनी पावत्या बघितल्या. डुकरं चार. माडी अकरा घागरी. तांदूळ. दोर थोडासा. त्यांनी चष्मा काढून मला विचारलं, "हा वादळाचा खर्च आहे की लग्नाचा?" मी समजावलं. त्यांना थोडं पटलं, थोडं नाही. तेवढ्यावर भागलं असतं.

खरी अडचण नकाशाची आहे. रुस्टिको पुन्हा येऊन घरांच्या नव्या जागा टिपून गेला ना, त्या लाल रेषेच्या बाहेर आहेत. यंत्र म्हणतं की बिनुरानची चौदा घरं आता धोक्यात नाहीत. म्हणजे यादीतून आपोआप बाद. पुढच्या वादळाला तुम्हाला काही मिळणार नाही. आणि प्रयोगाच्या वाडीत एकही घर यादीत उरलं नाही, तर प्रयोग संपलाच. बाकीच्या किनाऱ्यालाही काही नाही.

सर म्हणतात, नियम त्यांनी केलेला नाही. घरं खाली नेऊन पुन्हा नोंद करा, नाहीतर वरच राहा आणि नाव विसरा. पंचवीस तारखेला जिल्ह्याची बैठक आहे. तोवर काय सांगू?

एडलिन


बिनुरान
८ नोव्हेंबर

नेने,

म्हणजे बुडालो असतो तर यादीत राहिलो असतो! खाली वाळूत मेलेलो असतो तर यंत्राने बरोबर चौदा खुणा केल्या असत्या! मला इतका राग आलाय की तुझं पत्र चुलीत घालणार होते, पण लोला इस्काला अजून ऐकायचंय. तिसऱ्यांदा.

वर आम्ही राहू शकत नाही. जागा शाळेची आहे, पाणी नाही, होड्या आणि मासे खाली आहेत. तसंही घरं खाली न्यायचीच होती. आणि वादळ आलं की पुन्हा वर आणायची. मग पुन्हा खाली. आमची घरं आता अशीच, नेने, पायवाली. तुझ्या नकाशाला सांग, आमच्याबरोबर चालायला शीक.

ताताय म्हणाले, तू बाजूला हो, सरांना मी लिहितो. ते बोलले तसं जसंच्या तसं खाली उतरवलंय. मी एक शब्दही घातलेला नाही, फार वाटलं तरी.

"मोराल्डे सर, मी ताताय सेवेरो. मला लिहिता येत नाही, मोठी मुलगी लिहितेय. तुम्ही विचारता की माझं घर कुठे आहे. मला विचाराल तर माझं घर त्या तीस माणसांनी जिथे ठेवलं तिथे आहे, आणि उद्या जिथे ठेवतील तिथे असेल. यंत्राला ठिकाण लागतं हे मी समजू शकतो. एकदा माझाही उंबरा मला सापडला नव्हता. पण वादळ ठिकाणावर येत नाही, सर, माणसांवर येतं. तर तुम्ही नावं लिहा. आम्ही पंधरा तारखेला पहिलं घर खाली नेतोय, माझंच. खांदे कमी आहेत, कारण वरच्या वाडीचा वाख भिजलाय आणि ते वाळवतायत. तुम्ही या. जो खांदा लावतो त्याला आमच्याकडे जेवण असतं. डुकरं संपली, मासे आहेत."

हे त्यांच्या टेबलावर ठेव. घाबरू नकोस.

तिवा


सान एलाडियो
१९ नोव्हेंबर

मनाय,

तुम्ही माझ्या सरांचं काय केलंत?

पत्र वाचून ते म्हणाले, "होडी कधी आहे?" मी म्हटलं, मीही येते. तर म्हणाले, "तू इथे बस, फोन घ्यायला कोणीतरी हवं." काल परत आले. उजवा हात वर होत नाही, खांद्याचं कातडं सोललेलं, बुटात वाळू. मी विचारलं, सर, काय झालं तिकडे? म्हणाले, "मासे छान होते." दुसरं काही सांगतच नाहीत!

पण ऐक, मनाय! आल्या आल्या त्यांनी मला टाइप करायला बसवलं. नोंद माणसांच्या नावाने करायची. घर हलवलं तर यादीतलं नाव जात नाही, कुठे नेलं ते वाडीने नुसतं कळवायचं. आणि परवानगीच्या खर्चात त्यांनी स्वतः एक ओळ घातली, "घर उचलणाऱ्यांचे जेवण." मी म्हटलं, सर, माडी? खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जेवणात पेय येतंच."

बैठकीत हे सगळं मंजूर होईल की नाही, माहीत नाही. वरचे साहेब कडक आहेत. पण मोराल्डे सर स्वतः बोलणार आहेत. तेच, ज्यांनी कोंबड्यांचं म्हटलं होतं!

खरं सांग, काय झालं तिथे?

एडलिन


पागसांगान
५ डिसेंबर

नेने,

पत्त्यावर गावाचं नाव वेगळं बघून पुन्हा चौदा नावं टाइप करायला बसू नकोस. मी शेजारच्या पागसांगानमध्ये आहे, आणि मजेत आहे.

तुझ्या सरांचं आम्ही काही केलं नाही. ताताय म्हणाले, "सर, आपली उंची जुळते, माझ्या शेजारी या." या वेळी ताताय घरात बसले नव्हते, खाली खांद्याला होते. म्हणाले, पाहुण्याला दाखवायचंय. उताराच्या मध्यावर तुझ्या सरांचा चेहरा पांढरा पडला. सोडून द्यावं असं त्यांच्या मनात आलं, मला दिसत होतं, मी बाजूनेच चालत होते. पण तिथे एकट्याने सोडता येत नाही. एकाने खांदा काढला की वजन शेजाऱ्यावर जातं, आणि शेजारी सत्तर वर्षांचे ताताय. सर दात ओठ खात चालत राहिले. घर टेकल्यावर वाळूत आडवे झाले, आणि म्हणाले, "हे यादीत लिहितात कसं?" लोला इस्काने त्यांना वारा घातला. एवढंच झालं.

आणि आता हे! परवा सकाळी नऊ वाड्यांत पैसे आले. नऊ! पागसांगानची माणसं नोटा हातात घेऊन उभी, आणि त्यांच्यात घर उचलणारा शेवटचा माणूस कधीच मरून गेलेला. त्यांच्या एका म्हाताऱ्याने होडी पाठवली, निरोप एवढाच: "उचलतात कसं?" मग काय, आम्ही सहा होड्या भरून आलो. आपली घरं त्याच दिवशी वर पोचली, आता सवय झालीय. इथे नोरबिंग बांबू बांधायला शिकवतोय. मेल्चोर हुकूम सोडतोय, आणि लोक त्याचं ऐकतायत, कारण त्यांना तो माहीत नाही. ताताय एका बाईला समजावतायत की घर सोडायचं नाही, फक्त बरोबर घ्यायचं. ती रडतेय आणि मान हलवतेय. मी मघाशी त्यांच्या पहिल्या घराखाली खांदा लावला. अजून खांदा हुळहुळतोय आणि मला इतकं बरं वाटतंय की कोणाला सांगू असं झालं, म्हणून तुला सांगतेय.

वादळाच्या आधीची रात्र आपल्या घरी कशी असायची ते तुला आठवतं ना? आई भिंतीला टेकून बसलेली, कोणी डोळा मिटायचा नाही, तुला मांडीवर घेऊन मी समुद्राचा आवाज मोजत राहायची. चाळीस वर्षं मी तशा रात्री काढल्या.

वादळ उद्या रात्री येतंय. इथलं शेवटचं घर आत्ता वर पोचलं. सगळ्यांची जेवणं झालीत. आज आम्ही झोपणार आहोत.

तुझी,
मनाय तिवा